प्रीअ‍ॅम्पची सूं: झूम एच६, एफ३ आणि मिक्सप्री-३ एकाच माईकवर

पाऊस थांबला की पागोळ्या गळत राहतात, त्यांचा आवाज मला रेकॉर्ड करायचा होता. रात्र, सगळं शांत, एक थेंब पडतो, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. घरी येऊन ऐकलं तर दोन थेंबांच्या मधल्या शांततेत नुसती सूंऽऽ. थेंब होते पण एखाद्या पातळ पडद्यामागून ऐकल्यासारखे, आणि नॉइज रिडक्शन लावलं तर सूं गेली पण थेंबाच्या शेवटी जी बारीक टुण असते तीही गेली. तो माझा पहिला रेकॉर्डर होता. ही सूं बरीचशी प्रीअ‍ॅम्पची, म्हणजे माईकचा बारीक सिग्नल मोठा करणाऱ्या रेकॉर्डरमधल्या सर्किटची. तेव्हापासून मी हा प्रीअ‍ॅम्पचा विषय धरून बसलोय, आणि यावेळी झूम एच६, झूम एफ३ आणि साउंड डिव्हायसेसचा मिक्सप्री-३ (दुसरी आवृत्ती) असे तीन रेकॉर्डर एकाच माईकवर आलटून पालटून ऐकले.

आधी आकड्यांचं सांगतो कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. प्रीअ‍ॅम्प स्वतः किती आवाज मिसळतो ते ईआयएन नावाच्या आकड्यात सांगतात, डीबीयूमध्ये (व्होल्टेज डेसिबलमध्ये मोजायचं एकक), आणि तो जितका खाली तितका चांगला. एच६ च्या एक्सएलआर (तीन पिनांच्या माईक केबलच्या) इनपुटला कंपनी -१२० देते, एफ३ ला -१२७, मिक्सप्रीला -१२८. माईकच्या जागी १५० ओहमचा रेझिस्टर धरून हे मोजतात, आणि गंमत अशी की त्या रेझिस्टरच्या आतल्या इलेक्ट्रॉन्सच्या हालचालीचाच आवाज ए-वेटिंग लावून (म्हणजे कानाला कमी ऐकू येणाऱ्या फ्रिक्वेन्सी कमी धरून) -१३३ च्या आसपास असतो, म्हणजे त्याच्या खाली कोणी जाऊच शकत नाही, कितीही पैसे ओता. मिक्सप्री त्या तळापासून फक्त ५ डीबी वर आहे. मला हे खरंच थक्क करणारं वाटतं, बॅटरीवर चालणाऱ्या एवढ्याशा डब्यात! एक काळजी घ्या, काही कंपन्या ए-वेटिंग लावून आकडा देतात काही न लावता, त्यात साधारण २ डीबीचा फरक पडतो, त्यामुळे दोन डबे शेजारी ठेवून एक-दोन डीबीवरून भांडण्यात अर्थ नाही.

आता खरा मुद्दा. नुसत्या ईआयएनवरून रेकॉर्डर निवडू नका, आधी तुमचा माईक कोणता ते बघा.

रोडचा एनटी१-ए माईक घ्या. त्याचा स्वतःचा नॉइज ५ डीबी आणि सेन्सिटिव्हिटी (ठरावीक आवाजाला तो किती व्होल्टेज देतो) २५ मिलिव्होल्ट, म्हणजे शांत आणि वर सिग्नलही भरपूर देणारा. हिशेब केला तर त्याचा स्वतःचा नॉइज प्रीअ‍ॅम्पच्या तोंडाशी सुमारे -११९ डीबीयूला येतो. एच६ चा -१२० त्यात मिसळला की एकूण नॉइज साधारण अडीच डीबीने वाढतो, एफ३ वर अर्धा-पाऊण डीबी, आणि मिक्सप्रीवर साधारण अर्धा डीबी. अडीच डीबी कानाला कळतात, मी हेडफोन लावून दोन्ही फाईल्स मागेपुढे केल्या तेव्हा एच६ वर रातकिडे थांबल्यानंतरची जागा थोडी भरलेली वाटली, एफ३ वर तीच जागा मोकळी. पण एफ३ आणि मिक्सप्री यात मी डोळे मिटून चार-पाच वेळा ऐकलं आणि कुठला कुठला ते खात्रीने सांगू शकलो नाही. आता त्याच जागी सेनहायझर एमकेएच ४१६ लावा, सेन्सिटिव्हिटी तेवढीच पण स्वतःचा नॉइज १३ डीबी. इथे माईकचाच नॉइज इतका वर आहे की एच६ सुद्धा त्यात जेमतेम अर्धा डीबी घालतो. म्हणजे ४१६ वर संवाद रेकॉर्ड करणाऱ्याने प्रीअ‍ॅम्पसाठी जीव टाकायची काहीच गरज नाही, त्याने विंडशील्ड चांगलं घ्यावं.

आणि याच्या अगदी उलटं डायनॅमिक माईकचं, म्हणजे स्टेजवर वापरतात तशा पॉवर न लागणाऱ्या माईकचं. शुअरचा एसएम५८ जेमतेम १.८५ मिलिव्होल्ट देतो, त्यामुळे गेन (सिग्नल किती मोठा करायचा ते) खूप चढवावा लागतो आणि प्रीअ‍ॅम्पचं सगळं उघडं पडतं. तोच हिशेब उलटा करून प्रीअ‍ॅम्पचा नॉइज डेसिबलमध्ये आणला तर -१२० वर सुमारे २६ डीबी, -१२७ वर १९, आणि -१२८ वर १८. रात्रीची शांत खोलीच २५-३० डीबीची असते, म्हणजे पहिल्या केसमध्ये प्रीअ‍ॅम्पची सूं खोलीच्या शांततेइतकीच मोठी झाली. तोंडाजवळ धरून बोलताना काही फरक पडत नाही कारण तिथे आवाज ९० च्या घरात असतो, पण तोच माईक हातभर लांब ठेवून हळू आवाजातली मुलाखत घ्यायला गेलात की वाक्यांच्या मधे सूं ऐकू येणारच. अशा वेळी फेटहेडसारखा छोटा बूस्टर माईक आणि केबलच्या मधे लावला तर साध्या रेकॉर्डरमध्येही खूप सुधारणा होते, त्याला फँटम पॉवर (रेकॉर्डर माईकच्या केबलमधून देतो ती वीज) मात्र लागते.

३२-बिट फ्लोटबद्दल, म्हणजे अगदी हळू ते अगदी मोठा आवाज एकाच फाईलमध्ये मावेल अशा रेकॉर्डिंगच्या प्रकाराबद्दल, लोकांचा मोठा गैरसमज आहे म्हणून लिहितोय. एफ३ फक्त ३२-बिट फ्लोटमध्येच रेकॉर्ड करतो, गेनचं बटणच नाही, आणि अचानक वीज कडाडली तरी फाईल फुटत नाही, यात मला मनापासून आनंद आहे कारण गेन चुकल्यामुळे वाया गेलेल्या रात्री मी पाहिल्यात. पण फ्लोटने प्रीअ‍ॅम्पची सूं कमी होत नाही! हळू रेकॉर्ड झालेला आवाज नंतर ४० डीबी चढवला की सूंही ४० डीबीच चढते. एफ३ शांत आहे तो त्याच्या प्रीअ‍ॅम्पमुळे.

आकड्यात न दिसणारी एक गोष्ट म्हणजे सूंचा पोत. सरळ, एकसारखी, पावसासारखी सूं असेल तर कान ती दोन मिनिटांत विसरतो. पण तिच्यात बारीक शिट्टी किंवा भुणभुण असेल तर ती ५ डीबी हळू असली तरी जास्त छळते. माझ्याकडे एकदा पॉवर बँक लावल्यावर सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये डासासारखी टीऽऽ आली होती, बॅटरी सेलवर तोच रेकॉर्डर एकदम स्वच्छ. त्यामुळे ज्या पॉवरवर तुम्ही वापरणार त्याच पॉवरवर टेस्ट करा.

टेस्ट सोपी आहे. एक एक्सएलआर मेल कनेक्टर घ्या, पिन २ आणि ३ च्या मधे १५० ओहमचा रेझिस्टर सोल्डर करा, कनेक्टरचं धातूचं आवरण नीट बंद करा, प्रत्येक रेकॉर्डरला लावून मिनिटभर रेकॉर्ड करा. मग तोच गेन ठेवून माईक लावा आणि एकाच जागेवरच्या स्पीकरवरून १ किलोहर्ट्झचा टोन वाजवून रेकॉर्ड करा. कॉम्प्युटरवर सगळे टोन एकाच लेव्हलला आणा आणि जेवढे डीबी टोनला वाढवले तेवढेच त्या त्या रेकॉर्डरच्या रेझिस्टरवाल्या फाईलला वाढवा. ही लेव्हल जुळवल्याशिवाय केलेली तुलना फुकट आहे, ज्याचा गेन जास्त तो जास्त नॉइझी वाटतो एवढंच. गेन अर्ध्यावर ठेवूनही एकदा करा, कारण कंपनीचा आकडा बहुतेक वेळा फुल गेनवरचा असतो आणि काही रेकॉर्डर खालच्या गेनवर बरेच जास्त नॉइझी होतात.

मी स्वतः निसर्गाच्या आवाजासाठी एफ३ ठेवला. दोनच इनपुट आहेत पण मला दोनच लागतात, दोन एए सेलवर चालतो आणि खिशात मावतो. मिक्सप्रीचे प्रीअ‍ॅम्प यात सगळ्यात शांत, लिमिटर (अचानक आलेला मोठा आवाज दाबणारा) चांगला आणि नॉब हाताला फार छान, तीन माईक घेऊन शूटवर जाणाऱ्याने तोच घ्यावा, फक्त चार एए सेल तो भराभर पितो. एच६ चार एक्सएलआर देतो, बँडची रिहर्सल, चर्चा, नाटक अशा मोठ्या आवाजांसाठी आजही मस्त काम करतो.

आणि दुकानात हेडफोन लावून लगेच निकाल देऊ नका हां, हेडफोनच्या अ‍ॅम्पचीही स्वतःची सूं असते आणि ती फाईलमध्ये उतरत नाही. कार्ड काढा, घरी जाऊन ऐका.