भरलेली टाकी दाखवली, भरताना नाही दाखवली

श्रावण लागला की आमच्या घरच्या चित्रशाळेत पाय ठेवायला जागा उरत नाही. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं गाव, चिकणमातीचे गणपती करणारं जुनं घर. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, झाली की उरलेलं वर्ष मी रस्त्यालगतच्या दुकानात फर्निचरला पॉलिश मारतो. दोन्हीकडे फवाऱ्याच्या गनला हवा पुरवायला चालेल असा एक छोटा एअर कॉम्प्रेसर घ्यायचा होता. तो घेताना १२,००० रुपयांना बुडालो, ते कसं ते लिहितो. चवथीच्या तोंडावर घाईत मशीन घेणारा मी काही एकटा नाही.

जुना कॉम्प्रेसर ऐन वेळी बसला. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला गेलो होतो, परत येताना एका दुकानाच्या दारातच मशीन मांडलेलं दिसलं. चकचकीत निळा रंग, नवी चाकं, टाकीवर हातभर लांब स्टिकर: २.५ एचपी, ५० लिटर, ८ सीएफएम (मिनिटाला किती घनफूट हवा, ते), १०० टक्के कॉपर. "काका, एकच पीस राहिलाय, कंपनीचा माल," विक्रेता म्हणाला आणि हवेची गन माझ्या हातात दिली. टाकी आधीच भरून ठेवलेली होती. मी खटका दाबला, समोरचा रिकामा खोका उडून रस्त्यावर गेला. झालं, पसंत!

इथेच खरी मेख होती. भरलेल्या टाकीतून पहिले दहा सेकंद हवा जोरातच येते, मशीन कितीही मरतुकडं असो. तो जोर साठवलेल्या हवेचा असतो. सायकलच्या पंपाने तासभर घाम गाळून टाकी भरली तरी खोका तसाच उडेल. रंगकामात प्रश्न वेगळा असतो: गन जेवढी हवा खाते तेवढी मशीन मागून पुरवतं का? बारीक एअरब्रशला अर्धा-एक सीएफएम पुरतो, पण आमची साधी वरच्या कपाची गन ४ ते ५ मागते. स्कूटरच्या चाकात हवा भरायची असेल तर यातलं काहीच बघायची गरज नाही, कुठलाही डबा चालेल.

९,००० रोख दिले, ३,००० फोनवरून. पावती मागितली तर वहीचं पान फाडून 'कॉम्प्रेसर १ नग' असं लिहून दिलं. "पक्कं बिल पाहिजे तर १८ टक्के वर पडतील." मीही गप्प बसलो. तेव्हा वाटलं पैसे वाचले.

घरी आणून टाकीखालचा ड्रेनचा नळ सोडला तर कोऱ्या चहासारखं तांबूस पाणी आलं. नव्या मशीनमधून! पावसाळी हवा दाबली की टाकीत पाणी साठतं हे खरं, रोज काढावंच लागतं. पण नव्या टाकीतलं पाणी लालसर कशाला असेल? दुकानात चालवून बघितलं असेल, अशी समजूत मीच करून घेतली. पैसे दिलेले असले की माणूस विक्रेत्याचीच वकिली करतो.

दुसऱ्या दिवशी दीड हाताच्या मूर्तीला अंगाचा रंग घेतला. पहिलं अर्धं मिनिट झकास. मग फवारा अरुंद झाला, फसफसला आणि रंगाबरोबर पाण्याचे थेंब थुंकायला लागला. गणपतीच्या गालावर देवी आल्यासारखे ठिपके! मोटर अखंड घरघरत होती, दाबाचा काटा ३ बारच्या वर जाईना. तो गाल वाळवून, घासून, परत पांढरा हात मारून रंगवायला दोन दिवस गेले. पावसात रंग वाळतो कधी? आखणी करणारे आमचे काका काही बोलले नाहीत, नुसता ब्रश पाण्यात बुडवून बसले. ते जास्त लागलं.

विक्रेत्याला फोन केला. "तुमच्या गावात व्होल्टेज कमी, मशीनचा दोष नाही." मीटर लावून बघितलं, मोटर चालू असताना २२६ व्होल्ट. मग मात्र डोकं सटकलं आणि मी मोजायला बसलो.

आधी टाकी. शिंप्याची टेप गुंडाळली, घेर ७८.५ सेंटिमीटर, म्हणजे व्यास २५. लांबी ६०. हिशोब केला तर साडेएकोणतीस लिटरच्या आत. स्टिकरवर ५०. टेप खिशात घालून गेलो असतो तर दुकानातच कळलं असतं!

मग मोटर. स्टिकरच्या खाली, पंख्याच्या जाळीआड खरी पत्र्याची पाटी होती: २३० व्होल्ट, ४.८ अँपियर. गुणाकार केला की ११०० वॅट. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. सगळीच्या सगळी वीज कामाला लागली तरी दीड एचपी होत नाही, आणि तसं कधी होत नसतं. खरी ताकद एकच्या आसपास. अडीच एचपीची मोटर एवढ्या अँपियरवर चालूच शकत नाही. स्टिकर काहीही म्हणू दे, अँपियरचा आकडा बघा.

मग हवा. टाकी पूर्ण रिकामी केली, नळ बंद केला, फोनवर घड्याळ लावलं. शून्यापासून ६ बारपर्यंत जायला ३ मिनिटं १० सेकंद. टाकीचे लिटर गुणिले बार, भागिले मिनिटं: २९ गुणिले ६ भागिले ३.१७, म्हणजे मिनिटाला ५५ लिटर. एक सीएफएम म्हणजे २८.३ लिटर. आठ सीएफएमच्या जागी दोनसुद्धा भरत नाहीत.

साखळी गावातल्या, मोटरच्या तारा गुंडाळून देणाऱ्या वाइंडिंगवाल्याकडे मोटर नेली. त्याने एका तारेवरचं तांबूस वार्निश ब्लेडने खरवडलं, खाली चांदीसारखं पांढरं. "पात्रांव, तांबें ना हातूंत." अल्युमिनियमची मोटर चालतच नाही असं नाही, पण तांबं सांगून विकली ही चोरी. त्यानेच पान्याच्या टोकाने टाकीच्या तळावर टकटक केली. सगळीकडे टणटण, एका जागी भद्द. तिथला रंग खरवडला तर पुट्टी निघाली आणि पुट्टीखाली गंजून कागद झालेला पत्रा. म्हणजे जुनी टाकी रंगवून नवी म्हणून विकलेली. त्या खोलीत माझी मुलं माती मळायला बसतात. ८ बारला असा पत्रा फाटला तर काय होतं ते मला सांगायला नको. ती टाकी मी परत कधी भरली नाही.

परत गेलो तर सूर बदललेला. "बिल कुठाय? आणि धंद्यासाठी घेतलंत, तुम्ही ग्राहक नव्हे." हे साफ खोटं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी वापरात धरत नाहीत. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर फोन करून तक्रार नोंदवली, आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करतोय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत २ वर्षांची. माझ्याकडे पुरावा काय, तर ते वहीचं पान, स्टिकर आणि पत्र्याची पाटी एकाच फोटोत, आणि फोनवरून दिलेले ३,०००. रोख दिलेल्या ९,००० चा मागमूस नाही.

चवथ शेजाऱ्याच्या गॅरेजमधलं मशीन रात्री उसनं आणून उरकली. दिवाळीनंतर दुसरा घेतला, पट्ट्यावर चालणारा, २ एचपी, ५० लिटर, पक्क्या बिलासकट. घेण्याआधी टाकी रिकामी करायला लावली. दुकानदार हसला, "शेट, एवढं कोणी बघत नाही." मी घड्याळ लावून स्टुलावर बसलो. ८ बारला २ मिनिटं ५० सेकंद. खिशातून टेप काढली तेव्हा मात्र त्याने मुलाला चहा आणायला पाठवलं.