पद्मिनीला एसी बसवताय? ‘बोल्ट-टू-बोल्ट किट’ विकणाऱ्यांपासून सावध राहा

पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, काँटेसा यांपैकी कुठल्याही जुन्या गाडीला बाहेरून एसी बसवायचा विचार असेल, तर पैसे पाठवण्याआधी हे पूर्ण वाचा. माझे चौतीस हजार रुपये गेले, वर इंजिनाचं हेड उतरवावं लागलं. पैशांपेक्षा मला राग याचा आहे, की ही फसवणूक बारकाईने ठरवून केलेली होती आणि ती आजही चालू आहे.

माझी प्रीमियर पद्मिनी वडिलांनी १९८६ साली घेतलेली. उन्हाळ्यात आईला घेऊन पुण्याहून साताऱ्याला जाता यावं, एवढ्यासाठी एसी हवा होता. १०८९ सीसीचं, जेमतेम चाळीस अश्वशक्तीचं इंजिन. त्या काळी अनेकांनी या गाड्यांना डॅशबोर्डखाली बसणारे एसी लावून घेतले होते, त्यामुळे हे काम होण्यासारखं आहे हे नक्की होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली. तेव्हापासून या गाड्यांचं प्रेम पुन्हा उफाळून आलंय, आणि ‘जुन्या स्टॉकमधलं, कधीच न वापरलेलं किट’ विकणारेही जागोजागी उगवलेत.

विक्रेत्याने फोटो पाठवले. चकचकीत कॉम्प्रेसर, काळा जाड ब्रॅकेट, दोन खाचांची क्रँक पुली (इंजिनाच्या मुख्य दांड्यावर फिरणारी, पट्टे चालवणारी चाकी). वर फोनवर आश्वासन: “सर, बिनधास्त राहा. बोल्ट टू बोल्ट बसतं. कापाकापी नाही, वेल्डिंग नाही. ब्रॅकेट दहा एमएमच्या प्लेटचा, पुली कोल्हापूरचं कास्टिंग.” कोल्हापूरच्या फाउंड्रीचं नाव ऐकल्यावर आपल्याकडे कुणीही विश्वास ठेवतो, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं. वीस हजार आधी, बाकीचे माल पाठवताना. बिल मागितलं तर आलं ते ‘एस्टिमेट’ लिहिलेलं कागदाचं चिटोरं, जीएसटी नंबर नसलेलं.

आता मुख्य गोष्ट. एसी म्हटलं की गिऱ्हाईक कॉम्प्रेसर बघतं, कूलिंग कसं येईल ते विचारतं, गॅसची चौकशी करतं. ब्रॅकेट आणि पुलीकडे कुणी बघत नाही, ते ‘लोखंड’. नेमकी तिथेच चोरी होते. वास्तविक सहा-सात किलोंचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या अंगावर त्या ब्रॅकेटनेच धरून ठेवायचा असतो, तोही सतत थरथरत्या इंजिनावर.

माझ्या मेकॅनिकने ब्रॅकेट लावून पाहिला, तर बोल्टची भोकं जुळेनात. विक्रेत्याला फोन केला. “वायसर टाका ना साहेब, सगळे टाकतात.” मग वायसरांची चळत लावून कॉम्प्रेसर पुढे ओढला आणि पट्टा कसाबसा रेषेत आणला. एसी सुरू झाला, गार हवा आली, सगळे खूश. पट्ट्याचा किंचाळण्यासारखा आवाज यायचा, त्यावर विक्रेत्याचं उत्तर तयार: “नवीन पट्टा आहे, बसेल हळूहळू.”

साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाटात ब्रॅकेटचा कान तडकला. कॉम्प्रेसर कलला, त्याचा पट्टा निसटून पंख्याच्या पट्ट्यात अडकला आणि तोही तुटला. या गाडीत पंखा, वॉटर पंप आणि चार्जिंग हे सगळं त्या एकाच पट्ट्यावर चालतं. चढणीवर पाण्याचा पंप थांबला की काय होतं हे सांगायला नको. तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला, गाडी बाजूला घेईपर्यंत हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं सील) गेलेलं होतं. आई मागे बसली होती. वळणावर मागून ट्रक येत होते. तो प्रसंग आठवला की अजून अंगावर काटा येतो.

काढलेले भाग मी भोसरीच्या एका जुन्या लेथवाल्या काकांकडे नेले. त्यांनी ब्रॅकेटवर ग्राइंडर फिरवला, तसा काळ्या रंगाखालून बॉडीला लावतात ती लांबी (पुट्टी) निघाली. प्लेट पाच एमएमची, कडेला लांबी भरून जाड दाखवलेली. भोकं गॅस कटरने पाडून कानशीने ओढलेली. मग पुली लेथवर चढवून डायल (वाकडेपणा मोजायचं घड्याळ) लावला. काटा अर्ध्या मिलिमीटरच्या वर डोलत होता. “साहेब, हे कास्टिंग नाही. मूळ पुली आहे आणि तिच्यावर दुसऱ्या गाडीची कडी वेल्ड केलीय. जॉइंट घासून रंग मारलाय.” वेल्डिंगच्या उष्णतेने पुली वाकडी झाली होती. अशी पुली क्रँकवर फिरली तर पट्टा टिकत नाहीच, क्रँकच्या सीललाही त्रास होतो.

खाचेचंही तेच. व्ही-पट्टा नेहमी दोन्ही बाजूंच्या भिंतींवर घट्ट बसतो, तळाला टेकत नाही. इथे खाच पट्ट्यापेक्षा रुंद होती, त्यामुळे पट्टा तळावर घासत होता आणि तळ आरशासारखा चमकत होता. तुमच्या गाडीला असं किट आधीच लागलं असेल, तर आजच इंजिन बंद करून, पट्टा काढून खाचेचा तळ बघा. चमक दिसली तर लांबचा प्रवास टाळा. त्यानंतर क्रँकच्या आणि कॉम्प्रेसरच्या, अशा दोन्ही पुल्यांच्या तोंडांवर एक सरळ लोखंडी पट्टी आडवी धरून पाहा. ती चारही ठिकाणी टेकली पाहिजे. दोन्ही तोंडांच्या कडांची जाडी वेगळी असेल, तर तोंडाऐवजी खाचांची रेषा मोजायची.

कॉम्प्रेसरचं लेबलही नवं छापलेलं निघालं. आत आर-१२ या जुन्या एसी गॅसच्या काळातलं मिनरल तेल तसंच होतं, आणि विक्रेता म्हणत होता, “कुठलाही गॅस चालतो.” चालत नाही. आज भरतात तो आर-१३४ए मिनरल तेलात नीट मिसळत नाही, तेल फिरून परत येत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो. त्याला पॅग किंवा एस्टर तेलच लागतं, आणि आधीचं तेल पूर्ण काढून टाकावं लागतं. जुन्या गाडीत डायनामो (बॅटरी चार्ज करणारं जुन्या पद्धतीचं यंत्र) असेल तर आणखी एक अडचण असते: सिग्नलला गाडी थांबली की डायनामो जवळजवळ चार्जच करत नाही, आणि कॉम्प्रेसरचा क्लच, ब्लोअर, एसीचा विजेवरचा पंखा सगळं बॅटरीवर येतं. अल्टरनेटर बसवल्याशिवाय एसी घेऊच नका, असं प्रामाणिक माणूस पहिल्याच फोनला सांगतो. हा माणूस त्या विषयावर एक शब्द बोलला नाही.

तक्रार केल्यावर त्याने सगळा दोष फिटिंगवर ढकलला. पण वायसर टाकण्याचा सल्ला त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर लेखीही दिला होता, तो मी जपून ठेवला आहे. मेकॅनिकने भोकं जुळत नव्हती असं लिहून दिलं, लेथवाल्या काकांनी मोजमापाचा कागद दिला. ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली, तिथून काही हललं नाही, म्हणून आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. तुमचा विक्रेता पैसे घेऊन फोन बंद करून बसला असेल, तर मात्र वेळ न घालवता १९३० वर सायबर तक्रार करा. पैसे खात्यात असतानाच अडवता येतात. तडकलेला ब्रॅकेट आणि पुली भंगारात देऊ नका, तोच तुमचा पुरावा.

शेवटी काकांनीच मूळ पुलीचं माप घेऊन एकाच तुकड्यातून दुहेरी खाचेची पुली कातून दिली. ब्रॅकेट दहा एमएम प्लेटचा, आधाराला त्रिकोणी तुकडे वेल्ड केलेला, आणि भोकं प्रत्यक्ष इंजिनावर खुणा करून पाडलेली. खर्च किटच्या निम्म्याहूनही कमी.

तोच माणूस आता दुसऱ्या नंबरवरून विकतोय. फोटो तेच आहेत: बॅटरीवर लाल फडकं आणि शेजारी झाकण नसलेली वायपरच्या पाण्याची बाटली. हा फोटो तुम्हाला आला, तर पुलीची मागची बाजू आणि ब्रॅकेटची कड व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावून व्हिडिओवर दाखवायला सांगा. मी नंतर एका मित्राच्या फोनवरून हेच मागितलं, तेव्हा त्याने नंबर ब्लॉक केला.