क्लिप्श ला स्काला पॉलिशला दिले, आतला माल बदलून आला

जुने हॉर्न (कर्ण्यासारख्या तोंडाचे) स्पीकर पॉलिश किंवा अपग्रेड करायला कुणाकडे देणार असाल, तर हे आधी वाचा. पेटी चकाचक होऊन परत येते आणि आतला मूळ माल गेलेला असतो. आमच्या घरच्या जोडीचं हेच झालं. पद्धत इतकी सफाईदार होती की मी पहिलं गिऱ्हाईक नसणार.

जोडी मामांची. क्लिप्श या अमेरिकन कंपनीचे ला स्काला स्पीकर, सत्तरच्या दशकातले. मामा अमेरिकेतून कायमचे पुण्याला परत आले तेव्हा घरसामानाबरोबर बोटीने आणलेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: पॉल क्लिप्श यांनी आर्कान्सा राज्यात १९६३ साली हा स्पीकर काढला तो विन्थ्रॉप रॉकफेलर यांच्या गव्हर्नरपदाच्या प्रचारसभांसाठी. म्हणून दिसायला अगदी साधा, बर्चच्या प्लायवुडचा खोका. वजन एकेकाचं पन्नास किलोच्या वर. पण वूफर (खर्जाचा), मधला, ट्वीटर (तीव्र सुरांचा), तिन्हींना हॉर्न असल्यामुळे एका वॅटला १०४ डेसिबलच्या आसपास आवाज. चार-पाच वॅटच्या व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरवर भीमसेनजींची तान खोलीत उभी राहते. ही जोडी मामांना किती प्रिय आहे ते मी लहानपणापासून पाहत आलोय.

काळा रंग पोपडे धरू लागला होता, ट्वीटरचा आवाजही मंद झाला होता. ओळखीतून एका कारागिराचं नाव मिळालं. शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत गाळा, भिंतीला लागून जुने अँप्लिफायर, बोलणं गोड. काम ठरलं ते असं: जुना रंग काढून अक्रोडाचं विनिअर (लाकडाचा पातळ पापुद्रा), त्यावर मेलामाइन पॉलिश, आणि क्रॉसओव्हरमध्ये, म्हणजे आवाज वाटून तिन्ही भागांना देणाऱ्या सर्किटमध्ये, नवे इम्पोर्टेड फिल्म कपॅसिटर. रक्कम ठरली ७५ हजार, निम्मी आगाऊ. जाताजाता तो म्हणाला, “बेसपण वाढवून देतो, नवीन टेक्निकने.”

हे वाक्य कुणी ला स्कालाबद्दल बोललं तर तिथेच सावध व्हा. या पेटीचा बेस पन्नास हर्ट्झच्या आसपास संपतो, कारण हॉर्नचं तोंड तेवढंच आहे. वूफर बदलून किंवा कसली जादू करून तो खाली उतरत नाही. जो हे सांगतो त्याला एकतर हॉर्न कळत नाही, किंवा वूफरला हात घालायला त्याला निमित्त हवंय.

दुसरी खूण जुन्या मालाबद्दलच्या बोलण्यात होती. “जुन्या कॅपॅसिटरमध्ये विषारी तेल असतं साहेब, ते सगळं आम्हीच डिस्पोज करतो.” यातलं अर्धं खरं आहे. त्या काळच्या तेल भरलेल्या कपॅसिटरमध्ये पीसीबी नावाचं घातक रसायन असू शकतं, अमेरिकेत १९७९ साली त्याच्या उत्पादनावर बंदी आली. पण हे कपॅसिटरपुरतं. ड्रायव्हरमध्ये, म्हणजे हॉर्नच्या बुडाशी आवाज काढणाऱ्या भागात, तेल नसतं. “ते सगळं” या दोन शब्दांत त्याने ड्रायव्हरही गुंडाळले.

पेट्या परत आल्या तेव्हा दिसायला देखण्या होत्या. फक्त मागची बाजू वेगळी होती. जुन्या ला स्कालाचा वरचा कप्पा मागून उघडा असतो, हॉर्नचं बूड आणि क्रॉसओव्हर सरळ दिसतात. तिथे आता प्लायचं झाकण होतं, फेव्हिकॉल लावून वर चुका ठोकलेलं. धूळ जाऊ नये म्हणून, असं सांगितलं. मामांनी रेकॉर्ड लावली, पहिल्या आलापालाच मान हलवली. “गाणारा लांब जाऊन बसलाय. हा आपल्या पेटीचा आवाज नाही रे.”

मी झाकण उचकटलं. मधल्या पट्टीचा मूळ ड्रायव्हर के-५५-व्ही, अल्निको या मिश्रधातूच्या चुंबकाचा. त्या जागी सभामंडपाच्या भोंग्याला लावतात तसला फेराइट या स्वस्त चुंबकाचा ड्रायव्हर, त्यावरचं लेबल खरवडलेलं. मल्टीमीटर लावला. के-५५-व्ही १६ ओहमचा, मीटरवर छापील आकड्यापेक्षा कमी, दहा-अकरा दाखवतो. इथे आकडा होता सहा, म्हणजे ड्रायव्हर आठ ओहमचा. मामांच्या कानाला जे खटकलं त्याचं कारण इथे आहे. क्रॉसओव्हरमधला १३ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १६ ओहमचा हिशेब धरून बसवलेला असतो. ओहम निम्मे झाले की ४०० हर्ट्झचा कट, म्हणजे मधला ड्रायव्हर जिथून वाजू लागतो ती जागा, ८०० च्या आसपास सरकतो, आणि वूफर तर तिथवर पोचत नाही. मधल्या खड्ड्यात गळ्याचा सगळा भरीवपणा जातो.

ट्वीटरला मीटर लावला तर काटा हललाच नाही. मूळचा के-७७ काढून पिझो (स्फटिकावर चालणारा ट्वीटर) बसवला होता, त्याला कॉइलच नसते. आणि ते इम्पोर्टेड कपॅसिटर? जाड, पांढरे, छापील नावाचे. एकाचं वेष्टण ब्लेडने उभं चिरलं. आत कापूस कोंबलेला आणि मधोमध बाजारात पाच-पन्नास रुपयांना मिळणारा नॉन-पोलर इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर.

वूफर पेटीच्या पोटात लपलेला असतो, बाहेरून दिसत नाही. पेटी आडवी करून तळाचे स्क्रू काढले. मूळच्या के-३३ ऐवजी डीजेच्या बेसबॉक्समधला पंधरा इंची.

अक्रोडाचं विनिअरही खोटं निघालं. एका बाजूच्या फळीवर लाकडाचा एक डोळा होता, शेजारी बारीक फाटा. तोच डोळा, तोच फाटा वीतभर खाली पुन्हा, आणि दुसऱ्या पेटीवरही. खऱ्या विनिअरच्या एकाच तुकड्यात रेषा हुबेहूब परत येत नाहीत. हा छापील कागद होता, वरून चकाकी मारलेला.

जुना माल त्याला का हवा होता, हेही समजून घ्या. अल्निकोत कोबाल्ट असतं. १९७८ साली झैरेच्या (आजच्या काँगोच्या) शाबा प्रांतात लढाई झाली, कोबाल्टचे भाव भडकले आणि स्पीकरवाले फेराइटकडे वळले. त्यामुळे जुन्या अल्निको ड्रायव्हरना जगभरच्या शौकिनांत मागणी आहे. पॉलिशच्या मजुरीपेक्षा आतल्या मालात कमाई मोठी आहे, आणि गिऱ्हाईक मात्र पेटीची चकाकी बघत बसतं. फोनवर त्याने सांगितलं, “तुमची मॅग्नेट मेली होती, म्हणून नवीन टाकली, जुनी भंगारात गेली.” हे उत्तर तुम्हालाही मिळेल. अल्निकोचं चुंबकत्व थोडं उतरू शकतं, पण ते पुन्हा चढवता येतं. भंगारात कुणी देत नाही.

आम्ही टिकलो ते फोटोंमुळे. पेट्या देण्याआधी मामांच्या आग्रहाने प्रत्येक ड्रायव्हरची पाठ, क्रॉसओव्हर, मागच्या लेबलवरचा सीरियल नंबर, तळ उघडून वूफरवरचे शिक्के, सगळं टिपून ठेवलं होतं. तुम्हीही काढा, आणि तेच फोटो काम ठरवतानाच कारागिराला व्हॉट्सअॅपवर पाठवा. सोबत लिहा की काढलेला प्रत्येक भाग, जळका का असेना, परत हवा. ओहमचे आकडे मोजून लिहून ठेवा. यावर जो कुरकुर करेल त्याच्याकडून पेट्या उचलून घरी आणा. बिलावर नुसतं ‘अपग्रेड, मजुरी व मटेरियल’ असं चालवून घेऊ नका, आमच्या बिलात तेच होतं आणि त्याने तेच पुढे केलं. बसवलेल्या प्रत्येक भागाचं नाव लिहून मागा. शक्य असेल तर ड्रायव्हर आणि क्रॉसओव्हर घरीच काढून ठेवा, पॉलिशला रिकामी पेटी पुरते.

पोलिसांनी आधी दिवाणी मामला म्हणून टाळलं. मग वकिलांनी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ आणि ३१८ चा, म्हणजे सोपवलेल्या वस्तूचा अपहार आणि फसवणूक यांचा, उल्लेख करून फोटोंसकट नोटीस पाठवली. त्यानंतर के-५५-व्ही आणि के-७७ अचानक ‘गाळ्यातच सापडले’. फोटोंतले ओरखडे जुळवूनच ते ताब्यात घेतले. वूफर आले नाहीत.

वूफर आणि पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही. मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं, तेव्हा कारागिराच्या ‘पुढच्या आठवड्यात बघू’वर थांबू नका. सुरुवात कुठून करायची कळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. आमची तक्रार दाखल झाली आहे, मामांनी स्वतःचं प्रतिज्ञापत्र दिलंय, आणि त्याला फोटो जोडले आहेत.