एकच व्हर्साय, दोन लुई

फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईचा दरबार म्हणजे दिवसभर चालणारं नाटक, आणि नायक एकच. १६८२ मध्ये त्याने दरबार पॅरिसजवळच्या व्हर्सायच्या राजवाड्यात हलवला आणि बड्या सरदारांना तिथेच अडकवून ठेवलं. राजाचं सकाळी उठणं हासुद्धा समारंभ: आत आधी कोण जाणार, सदरा कुणी पुढे करायचा, सगळं ठरलेलं. रात्री राजा कपडे उतरवत असताना हातात मेणबत्ती धरून उभं राहण्याचा मान मिळावा म्हणून भलेभले उमराव झुरायचे. हसू येतं खरं, पण डाव पक्का होता. लहानपणी ‘फ्रोंद’ हे सरदारांचं बंड पाहिलेल्या या राजाने सरदारांच्या हातातली तलवार काढून मेणबत्ती दिली!

त्याचा पणतू पंधरावा लुई १७१५ मध्ये गादीवर आला तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा होता. रिवाज सगळे तेच चालू राहिले, पण हा गडी लाजरा. १७३८ मध्ये त्याने स्वतःसाठी वेगळं, उबदार शयनगृह करून घेतलं. झोपायचा तिथे, आणि सकाळी पणजोबांच्या थंडगार दालनात जाऊन रीतसर ‘उठायचा’. खासगी खोल्यांत मित्रांसाठी स्वतःच्या हाताने कॉफी करायचा. माणूस म्हणून मला हाच जवळचा वाटतो. पण सत्ताही तशीच आतल्या खोल्यांत सरकली; मंत्री नेमण्या-काढण्यात त्याची प्रेयसी मादाम द पॉम्पादूर हिचा शब्द चालू लागला.

लढाया आणि कर्ज दोघांच्याही नावावर. दोघांच्याही अंत्ययात्रेत सां-दनीच्या, म्हणजे राजघराण्याच्या दफनस्थळाच्या, वाटेवर लोकांनी टिंगलच केली.