गायकांसाठी स्वरयंत्राची तपासणी : राजारामपुरीतील एका दवाखान्याचा अनुभव

मी कोल्हापुरात वीस वर्षांहून अधिक काळ नाट्यपदे आणि अभंग गातो. माझी पट्टी काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी हा माझा षड्ज. गेल्या वर्षभरात तार गंधारावर, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ‘ग’वर, आवाज अचानक फुटून पातळ होऊ लागला. रियाज चुकतो आहे की गळ्यात काही आजार आहे, हे कळेना, म्हणून राजारामपुरीतील एका कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे स्ट्रोबोस्कोपी, म्हणजे चमकत्या प्रकाशात स्वरपट्ट्यांचे कंपन पाहण्याची तपासणी, करून घेतली.

डॉक्टरांनी जीभ गॉजमध्ये धरून हलकेच बाहेर ओढली, ताठ दुर्बीण घशाशी नेली आणि ‘ई’ म्हणायला सांगितले. बोलताना पुरुषाच्या स्वरपट्ट्या सेकंदाला साधारण १०० ते १३० वेळा उघडमीट करतात, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना ती हालचाल दिसत नाही. मात्र मानेला लावलेला मायक्रोफोन सूर ओळखतो आणि प्रकाशाची प्रत्येक चमक कंपनाच्या किंचित पुढच्या क्षणी पडते, तेव्हा पडद्यावर ती संथ झालेली दिसते. मोतिया रंगाच्या दोन कडा आणि त्यांवरून आतून बाहेर सरकणारी ओली लाट पाहताना मी सूर धरायचे विसरलो होतो. गाठ किंवा सूज नव्हती.

या सेवेचे खरे मोल डॉक्टरांनी त्यानंतर दिलेल्या अर्ध्या तासात आहे. एकेका कंपनासाठी मेंदूकडून वेगळा संदेश येत नाही. श्वासाचा दाब आणि पट्ट्यांची लवचीकता यांतून कंपन आपोआप चालू राहते, हे आवाजाचे अभ्यासक व्हान डेन बर्ग यांनी १९५८ मध्ये मांडले होते. छातीच्या, म्हणजे नेहमीच्या भरीव आवाजात स्वरपट्टी पूर्ण जाडीनिशी हलते, खोट्या, म्हणजे वरच्या पातळ आवाजात ताणून पातळ झालेली कडच प्रामुख्याने हलते. पट्ट्या प्रत्येक फेरीत एकमेकींवर आदळतात आणि ताण लांबीच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, म्हणून एका मर्यादेपाशी तसूभर ताण वाढला तरी कंपनाची सगळी रीतच बदलते. मग त्यांनी मला गंधारापर्यंत चढून सावकाश उतरायला लावले. चढताना आवाज गंधारावर सुटून पातळ झाला, पण उतरताना तो रिषभावर छातीच्या आवाजात परतला नाही, थेट षड्जापाशी परतला. एवढी वर्षे गाऊनही ही तफावत माझ्या कानांनी कधी टिपली नव्हती.

उणीव सांगायची तर, ज्या क्षणी आवाज फुटतो त्याच क्षणी हे यंत्र हतबल होते, कारण त्याला नियमित कंपन लागते. फुटण्याआधी माझ्या आवाजात खरखर येते. अशा वेळी कंपने एकाआड एक मोठी-लहान होऊ शकतात आणि सूर सप्तकभर खाली उतरल्यासारखा वाटतो. तेव्हा पडद्यावरचे चित्र थरथरत तुटून गेले. तिथे सेकंदाला हजारो चित्रे टिपणारा कॅमेराच हवा आणि तो इथे नाही. शिवाय जीभ बाहेर धरलेली असताना तान घेता येत नाही. नाकातून जाणारी लवचीक दुर्बीण आधीच मागितली असती तर बरे झाले असते.

शुल्क आधी सांगितले गेले आणि चित्रफीत पेनड्राइव्हवर मिळाली. गायकांनी दुपारची वेळ घ्यावी, कारण संध्याकाळच्या गर्दीत एवढे निवांत बोलणे शक्य होणार नाही. आणि मोबाईलमध्ये आपल्या पट्टीचा तंबोरा सोबत न्यावा, कारण दवाखान्यात सुराचा आधार मिळत नाही.