वाहता तरंडा की तळाचे शिसे?

इंग्लंडमधील टेस्ट किंवा इचेन नदीवर हिवाळ्यात ग्रेलिंग हा मासा गळाने धरायचा असेल, तर माझ्या मते वाहता तरंडाच, म्हणजे दोऱ्याला बांधलेला आणि आमिषासह प्रवाहाबरोबर वाहत जाणारा तरंगता तुकडा, सरस ठरतो. कारण हा मासा गोट्यांच्या तळाजवळ घोळक्याने राहतो आणि प्रवाहाच्या वेगाने, तळाला जेमतेम घासत येणारी अळी त्याला संशयास्पद वाटत नाही. दोरा किंचित रोखून धरला की आमिष तरंड्याच्या पुढे जाऊन अलगद वर उचलले जाते, आणि बहुधा तेव्हाच तरंडा बुडतो.

चब या माशाचे तसे नाही. पूर ओसरताना, गढूळ पाण्यात, तो झुकलेल्या फांद्यांच्या आडोशाला थांबतो. तेथे दोऱ्याला वजनासाठी शिसे लावून तळाशी ठेवलेला पावाचा किंवा चीजचा गोळा अधिक खात्रीचा. मात्र गळाच्या काठीचे टोक वाकताच ओढ घ्यावी, अन्यथा मासा मुळांत शिरतो. पर्च या माशासाठी दोन्ही पद्धती चालतात. आमिष मात्र गांडुळाचेच असावे.