पिन ओढायचा अलार्म आणि दाराची पाचर: बर्लिनमधले आठ महिने

जर्मन शिकायला एकटी निघाले तेव्हा या दोन वस्तू ऑनलाइन मागवल्या होत्या. आता गुहागरला घरी परत आलेय. आतेबहीण याच वाटेने निघालीये, म्हणून सविस्तर लिहिते.

पाचर दाराखाली सरकवायची. कुणी दार ढकललं की ती दाबली जाते आणि कर्कश वाजते. खोलीच्या मालकाकडे दुसरी किल्ली होती आणि एकदा तो न विचारता आत आला. त्या रात्रीपासून पाचर लावली, तेव्हा कुठे झोप लागली. दार मात्र आतल्या बाजूला उघडणारं हवं. खालच्या रबराला धूळ लागली की सरकते, पुसत जा.

अलार्मची पिन ओढली की तो मोठ्याने वाजतो. तो मी सॅकच्या आत ठेवायचे, तिथेच चुकले. एका संध्याकाळी यू-बानच्या (तिथल्या मेट्रोच्या) जिन्यावर एक माणूस मागे लागला. चेन उघडेपर्यंत तो अगदी शेजारी. तेव्हा कामी आलं ते वर्गात शिकवलेलं वाक्य: 'लासन झी मिश इन रूअ!' म्हणजे मला त्रास देऊ नका. बाईंनी बजावलं होतं, 'डू' (तू) म्हणू नका, 'झी'च (तुम्ही) म्हणा. 'डू' ऐकलं की लोकांना घरगुती भांडण वाटतं, 'झी' म्हटलं की हा परका आहे हे कळतं. छेड काढणाऱ्याला 'अहो' म्हणायला आपली जीभ वळत नाही, म्हणून मी खोलीत मोठ्याने घोकलं होतं. दोन बायका थांबल्या, तो निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून अलार्म सॅकच्या पट्ट्यावर, छातीपाशी.

जर्मनीत पोलिसांसाठी 110, अँब्युलन्ससाठी 112, बायकांची मोफत हेल्पलाइन 116016. हे तिन्ही पाठच करा.

लाइव्ह लोकेशन आधी आईला द्यायचे. पण तिकडे रात्रीचे साडेअकरा म्हणजे हिवाळ्यात इथे पहाटेचे चार. रेंज पडवीतच, त्यामुळे ती थंडीत तिथे बसून राहायची, आणि इतक्या लांबून करणार तरी काय? मग लोकेशन वर्गातल्या मैत्रिणीला, आईला सकाळी फक्त 'पोचले'.

तक्रार एकच. परत आल्यावर अलार्ममध्ये सेल आतच राहिले. पावसाळ्यात खाऱ्या हवेने सेलला टेकणाऱ्या धातूच्या पट्ट्या हिरव्या पडल्या, पिन ओढली तरी आवाज नाही. पट्ट्या पॉलिश पेपरने घासून नवे सेल घातले. काल बहिणीने मागच्या अंगणात पिन ओढून पाहिली, तर नारळ सोलणारे शेजारचे काका कोयती घेऊनच धावत आले. विमानात नेताना सेल काढून ठेव, एवढं तिला सांगितलंय.